जिथं एसटी जात नाही

आमचे तात्या जीप उघडायचे आणि परत बांधायचे, तेव्हा दर वेळी दोन-चार नट उरायचे. कुठले ते कुणालाच सांगता यायचं नाही. जीप चालू होते म्हणजे ते लागत नसणार, असं म्हणून तात्या ते बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. दोन वर्षांत डबा काठोकाठ भरला. या जीपच्या किश्श्यांचं पण तसंच झालंय. ट्रिप काही बांधून झाली नाही, उरलेलं तेवढं माझ्याकडं साठलं. कॉलनीत कुणी भेटलं की विचारतं, "काय पप्या, गेली का तुमची जीप डोंगरात?" मग मी डबा उघडतो.

पहिली माणसं सांगतो, नाहीतर घोळ होईल. तात्या म्हणजे माझे वडील. नाशकात सातपूरला एका कारखान्यात फिटर. जुनी मिलिटरी जीप लिलावात त्यांनी घेतली. जगातली कुठलीही गाडी ते उघडू शकतात, पण चढावर चालवू शकत नाहीत, घाम फुटतो. चालवणार ते पगारे काका. काका आधी मिलिटरीत ड्रायव्हर होते, नंतर एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात कोळशाच्या ढिगावर डोझर चालवायचे. तिसरे देवरे. सटाण्याकडचे, बोलण्यात अहिराणी. दुसऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात, खिशात कायम व्हर्नियर. आमच्याकडं जेवायला आले तरी आधी भाकरीची जाडी मोजणार. चौथा मी. दहावी दोनदा दिली. आता मराठी टायपिंगच्या क्लासला जातो. माझं काम म्हणजे सगळ्यांना चहा देणे आणि त्यात कधीकधी मीठ टाकणे.

ठरलं होतं एवढंच: फोर-व्हील टाकून डोंगर चढायचा, वर तंबू ठोकायचा, एक रात्र राहायचं आणि खाली यायचं. एवढंच.

*

पहिल्यांदा जीपची परीक्षा घ्यायची ठरली. कॉलनीच्या मागं नाला आहे, त्याच्या काठाला बारा महिने चिखल. तात्यांनी काकांना सांगितलं, "घाला खुशाल. चारही चाकं ओढतात. मी स्वतः बांधलीय."

काकांनी जीप घातली. चार हात गेली आणि बसली. काकांनी फोर-व्हीलचा दांडा टाकला, रेस दिली. मागची चाकं चिखल उडवायला लागली. तो सगळा चिखल देवरेंच्या अंगावर, कारण देवरे मागं उभे राहून चाकं किती फिरतात ते मोजत होते.

काका खाली उतरले, वाकून पुढच्या चाकांकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तात्या, पुढची चाकं ओढत नाहीत. नुसती सोबत येतात."

सगळे हसले. तात्या पण हसले. शेवटी दोन बैल आणून जीप बाहेर काढली. बैलवाला जाताना म्हणाला, "आता झाली खरी चार पायांची."

*

मग तारीख. इथं आमचं घोडं दोन वर्षं अडलं.

सातपूरला सगळ्या कारखान्यांना एकाच दिवशी सुट्टी नसते. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून प्रत्येकाचा वार वेगळा. तात्यांची सुट्टी शनिवारी. देवरेंची सोमवारी, पण पाळी बदलली की तीही सरकते. काकांची तर दर आठवड्याला पुढं पळते. रजा घ्यावी तर तिघांच्या रजा आधीच संपलेल्या. कशात संपल्या? जीप दुरुस्त करण्यात. प्रत्येकाकडं एकेकच रजा उरली होती. ती सुट्टीला जोडली की दोन दिवस मिळणार. पण सुट्टी तिघांची एका दिवशी यायला पाहिजे.

देवरेंनी आलेखाचा मोठा कागद आणला. तात्यांना लाल पेन्सिल, काकांना निळी, स्वतःला हिरवी. एका दिवशी सगळे आमच्याकडं सकाळपासून बसले. तीन वेळा चहा झाला. (तिसऱ्यात मीठ.) संध्याकाळ व्हायला आली तेव्हा देवरेंनी कागदावर बोट ठेवलं, "हाई देखा. तिन्ही रंग एकावर एक शेतस."

तात्या म्हणाले, "जमलं. कोणती तारीख?"

देवरे कॅलेंडर शोधायला लागले. आई आतून कणीक मळता मळता म्हणाली, "आजचीच."

देवरेंनी परत रंग लावायला घेतले. पुढची अशी तारीख निघाली ती मे महिन्यात. मधे सात महिने.

*

सात महिने आहेत तर जागा तरी ठरवू म्हणले.

देवरे म्हणाले साल्हेर. त्यांच्या गावाकडनं जवळ. तात्या म्हणाले छान. काका म्हणाले, "पायथ्यापर्यंत एसटी जाते." मग फोर-व्हील कशाला? रद्द.

दुसरा डोंगर काढला. तिथं पण एसटी. तिसरा काढला, तिथं तर एसटी मुक्कामी. जिथं जिथं म्हणून बोट ठेवावं तिथं लाल डबा आधीच जाऊन उभा. तात्यांचं तोंड उतरत चाललं. माणसानं दोन वर्षं जीप बांधायची आणि सगळीकडं साधं तिकीट काढून जाता यावं, म्हणजे काय.

शेवटी तात्यांनी मला स्टँडवर पाठवलं, चौकशी करून ये म्हणून. मी खिडकीत तोंड घालून विचारलं, "जिथं एसटी जात नाही अशा गावांची यादी द्या."

आतला माणूस पान चघळत होता. त्यानं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "त्या गावांची चौकशी त्या गावात जाऊन करायची."

त्याच आठवड्यात मी जीपच्या मागं खडूनं 'त्र्यंबक जलद' लिहिलं. सहज. तात्या सातपूरच्या थांब्याजवळ पान घ्यायला उतरले, परत आले तर मागं तीन बायका आणि एक कोंबडी बसलेली. उतरायला तयार नाहीत. "पाटी लावून नेत नाय म्हंजे काय?" तात्यांनी मुकाट त्र्यंबकपर्यंत सोडलं. आमच्या जीपनं आजवर कुणाला कुठं पोचवलं असेल तर त्या तीन बायकांना. आणि कोंबडीला.

जागा शेवटी काकांनी काढली. सुरगाण्याच्या पुढं एक पठार आहे. शेवटचे सात मैल नुसती गाडीवाट, रानातून. मिलिटरीत असताना ते एकदा साहेबांना घेऊन तिकडनं गेले होते. मी विचारलं, "काका, वरून काय काय दिसतं?"

म्हणाले, "मला काय माहीत? माझी नजर रस्त्यावर."

*

फेब्रुवारीत काका एकदा जेवणाचा डबा हातात घेऊन थेट ड्युटीवरनं आले. म्हणाले, बदलीच्या यादीत नाव आहे. जूनमध्ये कोराडीच्या थर्मलला. पार नागपूरच्या पलीकडं.

तात्या म्हणाले, "मे आहे ना मधे. मेमध्ये जाऊनच येऊ."

काकांनी चहा घेतला. मग जे ते कधी बोलत नाहीत ते बोलले. "तात्या, नोकरीत मी किती तंबू ठोकले असतील? मोजले नाहीत. साहेब आत झोपायचे. मी जीपमध्ये, नाहीतर जीपखाली. डोंगरात इतकी वर्षं काढली, पण स्वतःच्या तंबूत, पाय पसरून, एकदा पण नाही. हसू नका, पण मला तेवढंच करायचंय."

कुणी हसलं नाही. मी सुद्धा नाही. चहात मीठ होतं, तरी काकांनी तो पूर्ण प्यायला. तो कप मी स्वतःच विसळायला नेला.

*

पठार वनखात्याच्या हद्दीत, म्हणजे परवानगी पाहिजे. तात्यांनी बसून अर्ज लिहिला. तीनदा खोडून चौथ्यांदा. पाकीट चिकटवलं, माझ्या हातात दिलं. "पोस्टात टाक. विसरू नको."

मी विसरलो नाही. निघालो होतो टाकायलाच. वाटेत मॅटिनीची लाईन दिसली. मग पाकीट पिशवीत राहिलं. दुसऱ्या दिवशी टाकू म्हणलं. असे दुसरे दिवस पंधरा झाले. तात्या रोज घरात पाय टाकताना पहिलं विचारायचे, "वनखात्याचं उत्तर आलं?" आणि मी रोज म्हणायचो, "नाही ना."

आता खरं सांगितलं तर मार. खोटं किती दिवस चालवणार? मग मला वाटलं, एक झकास पत्र टाईप करावं. असल्या अटी टाकाव्यात की वाचून हसतील, हे पप्याचं काम म्हणून ओळखतील, दोन लगावतील आणि नवा अर्ज करतील. सगळं मोकळं. हिशोब चांगला होता.

क्लासमध्ये मास्तर बाहेर गेले तेव्हा टाईप केलं:

'१. सोबतच्या प्रत्येक भांड्यावर व हत्यारावर क्रमांक टाकून यादी तीन प्रतींत तयार ठेवावी.
२. निघण्यापूर्वी राहत्या वस्तीत एक वेळ तंबूत झोपून दाखवावे व त्यावर दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या घ्याव्यात.
३. मार्गात वाघ आल्यास हॉर्न वाजवू नये. वाघास प्रथम जाऊ द्यावे.'

शिक्का कुठनं आणायचा? घरात कांदा होता. आडवा कापला, आतल्या गोल रेघा जांभळ्या शाईत बुडवल्या आणि मारला. असा सुंदर गोल शिक्का मी सरकारी कागदावर पण बघितला नव्हता. हे पाकीट मात्र मी न विसरता पोस्टात टाकलं.

पत्र आलं. तिघं आमच्या घरी बसलेले. तात्यांनी मोठ्यानं वाचलं. मी दारात पळायच्या तयारीत, एक पाय बाहेर.

तात्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा पुसला. "अटी रास्त आहेत."

देवरे म्हणाले, "भांड्यांची यादी तर पाहिजेच. बिगर यादीनं माल बाहेर जास का?" मग त्यांनी कागद नाकाशी नेला. "साहेब जेवता जेवता शिक्का मारस काय? कांद्याचा वास येस."

काकांनी पण कागद घेतला. वाघाच्या अटीपाशी ते जरा थांबले. माझ्याकडं बघितलं. मग घडी घालून तात्यांना परत दिला.

मी पाय आत घेतला. आयुष्यात एवढी निराशा मला दहावीच्या निकालानं पण दिली नव्हती. कारखान्यातली माणसं आहेत हो ही. कागदावर टाईप केलेलं आलं की ते पाळायचं. मी सांगायला तोंड उघडलं तर तात्या म्हणाले, "पप्या, बघितलंस? रीतसर अर्ज केला की रीतसर उत्तर येतं. शीक काहीतरी."

*

पुढच्या रविवारी देवरे आकड्यांचे पंच घेऊन आले. लोखंडावर नंबर ठोकायचे असतात ते. आमच्या घरातल्या चमच्यांवर, ताटल्यांवर, तव्यावर एकेक नंबर ठोकला. पोळपाट-लाटणं लाकडाचं, त्यावर रंगानं. आईला आता पोळ्या करायला बसलं की "अकरा नंबर दे रे" म्हणावं लागायचं. अकरा नंबर म्हणजे लाटणं.

देवरे नुसते नंबर टाकून थांबले नाहीत. हात लागलाच आहे तर तपासणी पण केली. आईची कढई काचेवर ठेवली, खालनं पोस्टकार्ड सरकवून बघितलं. सरकलं. "बूड सपाट नाई. रिजेक्ट." आणि कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणं कढईवर लाल रंगाची फुली मारली.

आई बाहेर आली. ती कढई तिच्या माहेरची. तिनं फुलीकडं बघितलं, देवरेंकडं बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, या घरात नापास व्हायला एक जण ठेवलेला आहे. माझ्या कढईला कशाला ओढता त्यात?"

लाल फुलीची कढई फळीवर वर गेली. त्यात परत भाजी झाली नाही. अपमान म्हणजे अपमान.

*

मग अट दोन. तंबूत झोपून दाखवणे.

तंबू काकांनी स्वतः शिवला होता, जाड हिरव्या कापडाचा. पण झोपायचं कधी? देवरे आणि काका रात्रपाळीला, तात्या दुसऱ्या पाळीला. रात्री तिघांपैकी कुणी ना कुणी कारखान्यात. तात्यांनी डोकं चालवलं. "पत्रात एक वेळ झोपून दाखवा म्हणलंय. रात्रच पाहिजे असं कुठंय? आपली रात्र म्हणजे आपली झोपायची वेळ." रंगीत कागद काढला. तिघांची झोपायची वेळ जुळत होती मंगळवारी सकाळी आठ ते दुपारी एक.

मे महिना. कॉलनीचं मैदान. भर उन्हात तंबू ठोकला आणि तीन बाप्ये आत जाऊन झोपले. बाहेर गिरणीवाले आणि रेशन दुकानाचे शेठ, असे दोन प्रतिष्ठित नागरिक छत्री घेऊन बसलेले.

दहा वाजता शेजारच्या बायका आल्या. एवढं मोठं कापड उन्हात ताणलेलं बघून त्यांनी त्यावर कुरडया आणि पापड वाळत घातले.

आतनं देवरेंचा आवाज आला, "वहिनी, आमच्याकडं रात्र शे."

"मग झोपा की. बोलता कशाला?"

मी मागच्या बाजूला होतो. माझा विचार असा की खुंट्या हळूच उपटायच्या, सगळं अंगावर पडू द्यायचं आणि त्याच गोंधळात सांगून टाकायचं की पत्र माझं, अर्ज माझ्या पिशवीत. एक खुंटी उपटली सुद्धा. तेवढ्यात कापडाच्या फटीतनं आत बघितलं. तात्या आणि देवरे घामानं निथळत बसले होते. काका झोपलेले. खरे खरे. पाय पसरून, तोंड उघडं टाकून, पोटावर हात.

मी खुंटी परत ठोकली. दगडानं, आवाज न करता.

एक वाजता काका बाहेर आले. गालावर सतरंजीचे वळ. म्हणाले, "आत पडल्यावर उजेड हिरवा दिसतो. हे मला माहीतच नव्हतं. मी आपला बाहेरनंच बघितलेला."

गिरणीवाल्यांनी सही केली. मला वाटलं आता तरी सांगावं. पण आता सांगितलं तर ती सही पण खोटी होणार होती.

*

ती तारीख आली. तिन्ही रंग एकावर एक. तिघांनी आपली शेवटची रजा जोडली. काकांच्या हातात बदलीचा कागद येऊन पडलेला, आठ दिवसांनी निघायचं. आईनं दशम्या दिल्या. मी मागं सामानावर बसलो. सामानात माझी पिशवी. पिशवीत तो अर्ज. घरी ठेवायची भीती वाटली, म्हणून बरोबर घेतला.

दिंडोरी गेली, वणी गेली, घाट लागला. काका असे चालवत होते, की गाडी एकदा पण कण्हली नाही. सुरगाण्याच्या पुढं रस्त्यावर बांबू आडवा. वनखात्याचा नाका. एक तरणा गार्ड खाटेवरनं उठून आला. तात्यांनी पत्र दिलं, दोन्ही हातांनी.

गार्डनं वाचलं. परत वाचलं. मग तिसरी अट मोठ्यानं वाचली, "वाघास प्रथम जाऊ द्यावे." वर बघितलं. "दादा, हिकडं वाघ नाय. तो कवाच गेला." मग शिक्का निरखला, नाकाशी नेला. "आन् ह्यो कागद आमच्या हापिसातला नाय."

तात्या म्हणाले, "असं कसं? आम्ही सगळ्या अटी पाळल्यात." देवरेंनी यादीच्या तीन प्रती पुढं केल्या. गार्ड बिचारा भला माणूस. त्यानं सगळं सामान उतरवून नंबर लावून मोजलं. "सत्तेचाळीस. बरोबर हाय. पर तुमचा अर्जच नाय आला. सोडता येत नाय."

सामान मोजताना माझी पिशवी तिरकी झाली आणि पाकिटाचं टोक बाहेर आलं. पत्त्यावर तात्यांचं अक्षर. काकांनी ते बघितलं. त्यांनी पिशवी पायानं बाजूला सरकवली आणि वर सतरंजी टाकली. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही.

तात्यांनी विचारलं, "आणि अर्ज आला असता तर?"

"मग काय. अट येकच. इस्तू पेटवायचा नाय. हितंच सही करून सोडलं आसतं."

तात्या बांबूला धरून उभे राहिले. देवरे यादीची घडी घालत राहिले, मग उलगडत, मग परत घालत. समोर ती गाडीवाट सरळ रानात शिरत होती. पठार तिथनं दिसत होतं.

देवरे म्हणाले, "चला, इथंच रस्त्याच्या कडेला लावू तंबू. रात्र काढू."

काका म्हणाले, "रस्त्याच्या कडेला ड्रायव्हर झोपतो."

आणि जीपमध्ये जाऊन बसले. सपाट डांबरी रस्ता होता, तरी त्यांनी फोर-व्हीलचा दांडा टाकला, जीप वळवली आणि दांडा परत काढला. वणीला गाडी थांबवून दशम्या खाल्ल्या. चार नंबरच्या ताटलीत.

तात्या पुढं कित्येक दिवस म्हणायचे, त्या हापिसातल्या कुणीतरी फसवलं. मी पण मान हलवायचो.

*

आठ दिवसांनी काका गेले. नाशिकरोड स्टेशनवर तात्यांनी तंबू त्यांच्याकडंच दिला, "आम्हाला आता काय करायचाय." तो मी डब्यात चढवून दिला. काका खिडकीत आले.

"पप्या, टायपिंग कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"सोडू नको. हात चांगला आहे तुझा."

गाडी सुटली.

जीप निवृत्तीमामांनी नेली. मामा म्हणजे आईचे भाऊ, चांदवडला त्यांचा कांदा असतो. कांदा मार्केटला न्यायला गाडी पाहिजेच होती. तात्यांनी नटांचा डबा पण सोबत देऊन टाकला. पुढच्या महिन्यात मामा आले ते हसतच आले. त्यांच्या मिस्तरीनं डबा ओतला, आठ नट निवडून काढले आणि म्हणाला, हे पुढच्या शाफ्टच्या जोडाचे. हे नाहीत तर पुढची चाकं ओढणार कशी? दांडा टाका नाहीतर नका टाकू, ही गाडी कधी चारही चाकांवर चाललेलीच नाही.

मामा म्हणाले, "दाजी, लय भारी बांधली व्हती तुम्ही."

तात्या हसले नाहीत. मला चिखलातले काका आठवले. म्हणजे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी तो दोन वर्षं रंगीत पेन्सिलींच्या कागदावर मान घालून बसत होता.

*

आता शेवटचा.

दिवाळी झाली. घरात कुणी डोंगराचं नाव काढत नव्हतं. तात्या सुट्टीच्या दिवशी नुसते ओट्यावर बसायचे. उघडायला काही उरलं नव्हतं. एके दिवशी दुपारी पोस्टमन पाकीट टाकून गेला. वर नाव तात्यांचं. मी उघडणार तेवढ्यात तात्यांनी हातातनं घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. टाईप केलेलं पत्र.

'विषय: तंबूत एक रात्र झोपण्याची परवानगी देणेबाबत.

आपला अर्ज या कार्यालयास मिळालेला नाही. तरी परवानगी देण्यात येत आहे. अटी पुढीलप्रमाणे.

१. आपल्याकडे आता वाहन नाही हे या कार्यालयास माहीत आहे. नागपूरपर्यंत रेल्वे येते. पुढे एसटी.
२. तंबू लावलेला आहे. चौघांची जागा आहे. आतून उजेड हिरवा दिसतो.
३. भांडी क्रमांकासह आणावीत.
४. वाघास प्रथम जाऊ द्यावे.
५. पथकातील सर्वांत लहान सदस्याने निघण्यापूर्वी पिशवीतील जुना अर्ज पोस्टात टाकावा.'

खाली सही नव्हती. जांभळ्या शाईत गोल गोल रेघांचा शिक्का होता.

तात्यांनी पाचवी अट परत वाचली, मनातल्या मनात. ओठ हलत होते. मग कागद नाकाशी नेला. एकदा हुंगला. परत हुंगला. चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिले. आई आतनं दारात येऊन उभी राहिली, हातात अकरा नंबर.

मी पळालो नाही. एक पाय बाहेर होता, तो आत घेतला.

तात्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली.

"पप्या," ते म्हणाले, "फळीवरची लाल फुलीची कढई काढ. ती पण न्यायचीय."